बॉक्स स्क्रेपर लाटा का काढतो? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात एक ओळ टाकली होती की घराभोवतीची जागा नीट करायला ट्रॅक्टरमागं बॉक्स स्क्रेपर लावणारे कुणी असतील तर अडचणी कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलंच नव्हतं. आणि बहुतेकांचा सूर एकच, "स्क्रेपर खराब निघाला हो". माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं भांडण नको. स्क्रेपर म्हणजे बिनझाकणाची, बिनतळाची लोखंडी पेटी. दोन बाजूच्या प्लेटा, मागं भिंत, भिंतीच्या खाली दोन पाती, एक पुढं तोंड करून आणि एक मागं तोंड करून, आणि पुढच्या आडव्या बारला उकरायचे दात. यात बिघडण्यासारखं आहेच काय? बिघडलेलं असतं ते ट्रॅक्टरला ही पेटी कशी लटकवलीय ते. ट्रॅक्टर जसा डोलतो तसं पातं जमिनीवर लिहीत जातं, बास.

प्रश्न: दादा, घरापर्यंत येणारा आमचा कच्चा रस्ता आहे, मुरूम आणि बारीक खडीचा. तो सपाट करायला गेलो तर आधी होता त्यापेक्षा वाईट झाला, लाटाच लाटा, जीप घेऊन गेलो तर दात वाजतात. परत मारला तर लाटा आणखी मोठ्या. पातं नवीन आहे, ट्रॅक्टरही बरा आहे. स्क्रेपर हलका पडतोय का?

हलका नाही पडत, तुम्ही जुन्याच लाटांवरून परत परत चालताय. काय होतं बघा, पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टरचं नाक वर जातं आणि मागच्या ॲक्सलच्या पलीकडं लटकलेला बॉक्स खाली जातो, म्हणजे नेमका त्या क्षणी तो खोल खातो. मग थोडं पुढं गेल्यावर त्याच उंचवट्यावर मागची चाकं येतात, बॉक्स वर उचलला जातो आणि पोटातली माती खालून सांडते. एक खड्डा, एक ढीग. पुढच्या फेरीत चाकं या नव्या ढिगावर चढणार आणि तोच खेळ परत, जरा मोठा. म्हणून पहिल्यापेक्षा दुसऱ्या फेरीत जास्त बिघडलं, तुम्ही लिहिलंय ते बरोबरच आहे.

एकदा टेप घेऊन लाटांमधलं अंतर मोजा. फूट-दोन फुटांवरच्या बारीक लाटा असतील तर त्या बहुतेक गाड्यांच्या वेगानं पडलेल्या आहेत. चांगल्या लांब लाटा असतील, साधारण तुमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराएवढ्या, तर त्या तुमच्याच हातच्या. राग मानू नका, माझ्याही हातच्या होत्या. मी पहिल्यांदा अंगण केलं तेव्हा आठवडाभर स्क्रेपर बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं येऊन काही न बोलता फक्त सीटशेजारचा एक लिव्हर सरकवला आणि हसत निघून गेला.

तो लिव्हर म्हणजे ड्राफ्ट कंट्रोल. बऱ्याच ट्रॅक्टरवर लिफ्टचे, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचे, दोन लिव्हर असतात, एक पोझिशनचा, एक ड्राफ्टचा, आपल्याकडं पीसी आणि डीसी म्हणतात तेच. पोझिशनवर असताना लिव्हर जिथं ठेवाल त्या उंचीवर अवजार राहतं. ड्राफ्टवर असताना ट्रॅक्टर ओढीचा जोर ओळखतो, जोर वाढला की अवजार आपोआप थोडं उचलतो, कमी झाला की सोडतो. नांगराला हे सोन्यासारखं आहे, हॅरी फर्ग्युसननं १९२६ च्या पेटंटात हीच युक्ती मांडली आणि १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरबरोबर ती घराघरात पोचली. पण त्याच्या डोक्यात नांगर होता, अंगण नव्हतं. स्क्रेपरला हेच नडतं, बॉक्स भरला की जोर वाढतो, लिफ्ट उचलते, माती सांडते, जोर कमी होतो, लिफ्ट सोडते, पातं परत घुसतं. लाटा काढायचं मशीनच झालं की हे. तेव्हा स्क्रेपरला पोझिशनवर घ्या आणि ड्राफ्टचा लिव्हर त्याच्या बंद टोकाला ठेवा, टोक कुठलं ते तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं.

आता झालेल्या लाटा कशा काढायच्या. नुसतं वरून घासू नका. आधी दात खाली सोडा, एवढे की लाटेच्या खळग्याच्या तळाच्याही खाली जातील, आणि सगळा पट्टा उकरून काढा. हे नाही केलं तर खळग्याचा तळ घट्टच राहतो, वर भरलेली भुसभुशीत माती दोन पावसात दबते आणि तीच लाट परत वर येते. उकरून झालं की दात वर घ्या आणि लाटांना तिरकं चाला, शक्य असेल तितकं तिरकं, म्हणजे पुढची किंवा मागची दोन्ही चाकं एकाच वेळी उंचवट्यावर येत नाहीत. रस्ता अरुंद असेल तर फार तिरकं जमणार नाही हे मान्य, पण थोडं जमलं तरी फरक पडतो. गिअर खालचा, ट्रॅक्टर अजिबात उड्या मारता कामा नये. टायरमध्ये हवा जास्त असली तरी तो चेंडूसारखा उडतो, तेही बघून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॉक्स निम्मा तरी भरलेला राहिला पाहिजे. लोक काय करतात, माती भरली की घाबरून उचलून टाकतात. अहो, तीच माती पुढचे खळगे भरणार आहे. रिकामा बॉक्स नुसता ओरबाडतो, भरलेला बॉक्स भरत जातो. शेवटच्या फेरीला टॉप लिंक, म्हणजे बॉक्सचा वरचा भाग ट्रॅक्टरला जोडणारा आट्यांचा रॉड, दोन-तीन आटे लांब करा, म्हणजे बॉक्स मागं रेलतो, पुढचं पातं वर येतं, मागचं पातं टेकतं आणि माती कापण्याऐवजी पसरते. टॉप लिंक आखूड केली की उलटं, बॉक्स पुढं झुकतो, पुढचं पातं आणि दात जोरात घुसतात. एवढं एक गणित डोक्यात बसलं की निम्मा स्क्रेपर कळला. एकावेळी एक-दोन आटेच फिरवा आणि दहा-पंधरा मीटर चालवून मागं वळून बघा, पाच-सात आटे एकदम फिरवणाऱ्याला कुठल्या आट्यानं काय झालं हेच कळत नाही.

प्रश्न: माझा बॉक्स कायम डाव्या बाजूनं खोल खातो. वेल्डिंगवाल्याला दाखवला, तो म्हणाला फ्रेम वाकलीय, सरळ करून देतो. करून घेऊ का?

थांबा, आधी अर्धा तास माझ्यासाठी द्या. दोन्ही मागच्या टायरमधली हवा गेजवर मोजा, डोळ्यानं नाही. मग ट्रॅक्टर काँक्रीटच्या सपाट फरशीवर उभा करा आणि बॉक्स हळूहळू खाली आणा, अगदी टेकायच्या बेताला थांबवा. आता खाली वाकून उजेडाच्या दिशेनं पात्याखालून बघा, डावं टोक टेकलंय आणि उजव्या टोकाखालून उजेडाची पाचर दिसतेय का? बघताना हात-पाय बॉक्सखाली घालायचे नाहीत, बाजूला राहून बघायचं. पाचर दिसली तर लोअर लिंकला, म्हणजे बॉक्स ओढणाऱ्या खालच्या दोन दांड्यांना, वर उचलून धरणारे जे दोन रॉड आहेत त्यातल्या एकाला फिरवायची मूठ किंवा आटे असतात, बहुतेक ट्रॅक्टरवर तो उजव्या बाजूचा असतो. तो थोडा लांब केला की उजवी बाजू खाली येते. दोन्ही टोकं एकदम टेकली की झालं. तो रॉड गंजून बसलेला असतो कारण आयुष्यात कुणी फिरवलेलाच नसतो, ग्रीस मारा.

पात्यावरची चमकही खूप काही सांगते. काम झाल्यावर माती झटकून बघा, जी बाजू आरशासारखी चकाकतेय ती काम करतेय, जिच्यावर अजून गंज नाहीतर रंग आहे ती हवेत फिरतेय. एवढं करूनही काँक्रीटवर डावं टोक लिंकची लांबी कितीही बदलली तरी जुळत नसेल, किंवा मध्ये टेकून दोन्ही टोकं वर राहत असतील, तर मग वेल्डिंगवाला बरोबर असेल.

अजून एक, बॉक्स डावी-उजवीकडं झोकांड्या खात असेल तर लोअर लिंकच्या चेन ढिल्या आहेत. दोन-तीन सेंटिमीटरचा खेळ राहू दे, त्याहून जास्त नको. मात्र चेन आवळल्यावर लिफ्ट हळूहळू पूर्ण वर नेऊन बघा, काही ट्रॅक्टरवर वर जाताना चेन आणखी ताणली जाते आणि मग काहीतरी तुटतं.

प्रश्न: जमीन कडक आहे, स्क्रेपर वरून नुसता घसरत जातो, काहीच कापत नाही. लिफ्ट पूर्ण खाली दाबली तरी तेच. वर दोन-चार मोठे दगड ठेवून बघू का?

लिफ्ट "खाली दाबली" असं तुम्ही लिहिलंय तिथंच गंमत आहे. मागची लिफ्ट सहसा फक्त उचलते, दाबत नाही. लिव्हर खाली केला की ती अवजार सोडून देते, पुढचं सगळं अवजाराच्या स्वतःच्या वजनावर. त्यामुळं लिव्हर कितीही खाली रेटला तरी उपयोग नाही.

दगड ठेवू नका हो, एखादा घरंगळून मागच्या चाकाखाली नाहीतर कुणाच्या पायावर जाईल. आधी टॉप लिंक आखूड करा, मग दात लावा. सगळे दात एकाच खोलीवर, टोकं पात्याच्या दोन इंच खाली एवढ्यापासून सुरुवात करा. ट्रॅक्टर दमला, चाकं जागेवर फिरायला लागली तर दात काढून टाकण्याऐवजी एक भोक वर घ्या. आणि दाताची टोकं बघा, गोल अंगठ्यासारखी झाली असतील तर ती कडक जमिनीत कशी घुसणार, बऱ्याच दातांना टोक वेगळं बदलता येतं. दात लावायच्या आधी त्या जागेखालून पाण्याचा पाइप, वायर, सेप्टिक टाकीची लाइन काय काय गेलंय ते घरात विचारून, खुणा करून घ्या. पाइप फुटल्यावर सगळ्यांनाच आठवतं की तो तिथून गेला होता.

एवढं सगळं सांगितलं पण खरं उत्तर वापसा, म्हणजे मातीतली बेताची ओल. शेतात वापसा बघणारा माणूस अंगण करताना तो विसरतो, कारण अंगणाचं काम रिकाम्या वेळेत म्हणजे ऐन उन्हाळ्यात काढतो. मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर आजच काम करा. गोळा होतच नाही, भुगाच राहतो, तर आदल्या दिवशी पाणी शिंपडा. आणि हाताला चिकटून बोटांमधून बाहेर येत असेल तर ट्रॅक्टर शेडमध्येच राहू द्या, चिखल बॉक्सच्या पोटात असा बसतो की खोऱ्यानं खरवडून काढावा लागतो.

प्रश्न: काम करताना बॉक्स वर उचलून धरला की थोडा खाली येतो, मग आपोआप झटका देऊन वर जातो, परत खाली, परत वर. उचकी लागल्यासारखं. धोका आहे का?

उचकी हा शब्द एकदम फिट बसलाय. लिफ्टमधून तेल आतल्या आत गळतंय, बॉक्स खाली सरकतो, पोझिशन कंट्रोलला ते कळतं आणि तो परत उचलतो. इंजिन बंद करून बघा, उचकी थांबून बॉक्स नुसता खाली उतरत जाईल. रात्रभरात थोडा उतरला तर मी तरी मनावर घेणार नाही, पण बघता बघता पाच मिनिटांत टेकत असेल तर सिलिंडरचं सील नाहीतर व्हॉल्व्ह. तेलाची पातळी आधी तपासा, ते फुकटचं काम आहे. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. सील मात्र मेकॅनिककडून, लिफ्टचं कव्हर घरी उघडायच्या भानगडीत पडू नका.

धोका विचारलात म्हणून, हो, आहे. उचललेल्या बॉक्सखाली जायचं नाही, सील नवंकोरं असलं तरी नाही. पातं बदलायचं तर भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवून.

प्रश्न: सगळं अंगण एकदम सपाट केलं, लेव्हल पाइप लावून तपासलं, नखभरही फरक नाही. पहिल्याच पावसात पाणी भिंतीला लागलं आणि मागच्या खोलीत ओल आली. कुठं चुकलं?

तुम्ही अंगण सपाट केलंत हीच चूक. कामाबद्दल काही म्हणायचं नाही, उलट इतकं सपाट करायला हात लागतो, पण सपाट जागेवर पाण्याला कुठं जायचं हेच कळत नाही, मग ते भिंतीशी बसून राहतं. घराभोवती उतार पाहिजे आणि तो घरापासून बाहेर. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये साधारण १५ सेंटिमीटर उतार धरतात, त्याच्या पुढं मीटरमागं २ सेंटिमीटर असला तरी पाणी चालतं. आणि भिंतीशी माती घराच्या आतल्या फरशीपेक्षा चांगली खाली राहिली पाहिजे, वीतभर तरी. उतार मिळवायच्या नादात भिंतीलाच माती चढवत गेलात तर ओल आणखी वर येईल. अशा वेळी भर घालायची नाही, बाहेरची बाजू खाली उतरवायची.

लेव्हल पाइप आहेच तर तोच वापरा. भिंतीशी एक खुंटी, ३ मीटरवर दुसरी, दोन्हींवर पाण्याच्या लेव्हलची खूण करा आणि बाहेरच्या खुंटीवर त्या खुणेच्या खाली १५ सेंटिमीटरवर दुसरी खूण. मग भिंतीशी खुणेपासून जमिनीपर्यंत जेवढं अंतर तेवढंच बाहेर खालच्या खुणेपासून जमिनीपर्यंत आलं पाहिजे. दोरी बांधून घ्या, डोळ्यावर विश्वास नको, शेजारचं कुंपण उतरतं असलं की डोळा फसतो.

स्क्रेपर भिंतीला काटकोनात चालवायचा, घराकडून बाहेर, बॉक्स उचलून परत यायचं, परत बाहेर. हे कंटाळवाणं आहे. भिंतीला समांतर गोल गोल फिरणं सोपं वाटतं, पण त्यात हमखास भिंतीच्या पायाशी एक चर पडते आणि पाणी तिथंच वाहतं. भिंतीजवळचा शेवटचा हात-दीड हात तर फावड्यानंच करा, तिथं ट्रॅक्टर नेऊन प्लिंथचा कोपरा उडवलेले लोक मला माहीत आहेत. जिथं खोल भर घालायची असेल तिथं एकदम ओतू नका, चार-सहा इंचांचा थर, थोडं पाणी, दाबणं, मग पुढचा थर, नाहीतर आज दिलेला उतार पुढच्या पावसाळ्यानंतर दिसणार नाही.

रस्त्याचं विचारणारे आणखी दोघं आहेत, त्यांनाही हेच. रस्ता मध्ये उंच पाहिजे, कडेला उतरता. ३ मीटर रुंदीच्या खडीच्या रस्त्याला मध्यभाग कडेपेक्षा ५-६ सेंटिमीटर उंच असला की पुरतं. त्यासाठी मगाशी सांगितलेला तो लिंकचा रॉड फिरवून बॉक्स मुद्दाम तिरका लावायचा, कडेकडची बाजू खाली, आणि कडेची माती मध्याकडं सरकवायची. काम झालं की रॉड परत जागेवर आणायला विसरू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात डाव्या बाजूनं खोल खातोय म्हणून मलाच पत्र लिहाल.

प्रश्न: मागं घेत मातीचा ढीग ढकलत होतो, टॉप लिंक वाकली. कमकुवत माल होता का?

नाही सांगता येणार, पण तीन पॉइंटची जोडणी ओढण्यासाठी बनलेली आहे. मागच्या पात्यानं सुटी माती हळूहळू ढकलायला हरकत नाही. न उकरलेल्या बांधावर वेगानं रिव्हर्स मारला तर सगळा धक्का या लिंकांवर येतो. वळतानाही तेच, पातं जमिनीत असताना वळू नका, उचला आणि मग वळा.

प्रश्न: मित्राचा स्क्रेपर आणला, पिना माझ्या ट्रॅक्टरला ढिल्या होतायत, चालेल का?

नाही. तुमच्या लिंकचं भोक मोठं, म्हणजे ट्रॅक्टर कॅटेगरी दोनचा आणि स्क्रेपर कॅटेगरी एकचा, कॅटेगरी म्हणजे जोडणीच्या मापाचा वर्ग. कॅटेगरी एकची खालची पिन २२ मिलिमीटर, वरची १९. दोनची खालची २८, वरची २५. मध्ये घालायचे बुश मिळतात, ते घाला. ढिली पिन प्रत्येक झटक्याला भोक लांबट करत जाते. आणि लिंच पिनच्या, म्हणजे मोठी पिन निसटू नये म्हणून लावायच्या छोट्या पिनेच्या, जागी खिळा वाकवून घालणाऱ्यांनी हे वाचलं असेल तर कृपया आजच बदला.

प्रश्न: पात्याचे बोल्ट निघतच नाहीत, नटाबरोबर बोल्टही फिरतो.

त्या बोल्टच्या डोक्याखाली चौकोनी मान असते, ती पात्यातल्या चौकोनी भोकात बसून बोल्ट धरून ठेवते. भोक झिजलं की पकड गेली. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी डोकं व्हाइस ग्रिपनं धरून बघा, नाहीच झालं तर ग्राइंडरनं नट कापा, चष्मा घालून. बोल्ट नवीनच घ्या, जुने परत वापरायची काटकसर नको. पातं टाकून देण्याआधी उलटं करून बघा, बऱ्याच पात्यांना दोन्ही कडांना धार असते आणि भोकं मध्यावर असतात, म्हणजे एक कड संपली की दुसरी. फक्त झीज बॉक्सच्या भिंतीच्या लोखंडापर्यंत पोचायच्या आत उलटं करा, एकदा का ती भिंत झिजली की नवीन पातं बसवायला जागाच राहत नाही.